लूक १४:२६ मधला ‘द्वेष’ आणि शिष्यत्वाची किंमत

प्रश्न: बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (१४:२६) आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, असं येशू म्हणतो. मग ‘आईबापांचा मान राख’ या पाचव्या आज्ञेचं काय? आणि येशूसाठी घरदार सोडणाऱ्याला मार्क १०:३० मध्ये ‘शंभरपट’ मिळेल म्हटलंय, ते म्हणजे पैसाअडका का?

उत्तर १: मत्तय १०:३७ शेजारी ठेवून वाचा. तिथे ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ असे शब्द आहेत. इब्री बोलीत ‘द्वेष’ हा शब्द पुष्कळदा ‘दुय्यम मानणं’ या अर्थाने येतो. उत्पत्ती २९ मध्ये याकोबाची बायको लेआ ‘नावडती’ आहे ती अशीच. आईबापांना टाकायची सबब म्हणून हे वचन वापरणाऱ्यांनी आधी मार्क ७:९-१३ वाचावं. देवाला अर्पण केलं म्हणून घरच्यांचा हक्क बुडवणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच फटकारलंय.

उत्तर २: खरी मेख लूक १४ च्या ३३व्या वचनात आहे: सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय शिष्य होता येत नाही. ‘त्याग’साठी तिथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच लूक ९:६१ मध्ये घरच्यांचा ‘निरोप घेणं’ म्हणून येतं. म्हणजे मालमत्तेवरचा हक्क सोडायचा. ती लगेच विकायची की नाही, हा पुढचा प्रश्न. जक्कय या जकातदाराने अर्धीच दिली (लूक १९:८), शिवाय लुबाडलेल्यांना चौपट परत. बुरूज बांधण्याआधी खर्च मोजणारा माणूस आणि वीस हजारांच्या फौजेशी लढण्याआधी विचार करणारा राजा, हे त्याच अध्यायातले दाखले आधी हिशेब करायला लावतात, भावनेच्या भरात पाऊल उचलायला नाही.

उत्तर ३: शंभरपटीबद्दल: यादीत घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं आहेत. सोडलेल्यांत बाप आहे, मिळणाऱ्यांत नाही, बहुधा तो स्वर्गातला एकच म्हणून. म्हणजे मंडळीतलं, ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचं कुटुंब. आणि ‘छळासह’ हा शब्द विश्वास ठेवला की पैसा येतो असं सांगणारे समृद्धीचे प्रचारक हमखास गाळतात.