दहावी इंग्लिश : अनसीन पॅसेजची प्रॅक्टिस घरी कशी करून घ्यायची?

सिडकोची_आई
नमस्कार. मुलगी दहावीला आहे, मराठी मीडियम, इंग्लिश थर्ड लँग्वेज. धड्यावरचे पॅसेज ती व्यवस्थित सोडवते कारण धडे शाळेत पण झालेत आणि क्लासला पण, गाईडमधली उत्तरं तर तोंडपाठच आहेत. पण अनसीन, म्हणजे पुस्तकाबाहेरचा नवीन पॅसेज, आला की गाडी अडते. ट्रू फॉल्स कसंबसं जमतं, वेब नाहीतर फ्लो चार्ट (चौकटी भरायचे प्रश्न) आला की पॅसेजमधलं कुठलंतरी वाक्य जसंच्या तसं उतरवून मोकळी होते आणि विचारलं की बाळा ह्यात नेमकं काय घडलंय, तर गप्प. मोठ्याने मात्र फाडफाड वाचते, उच्चार पण छान, म्हणून नातेवाईक सगळे म्हणतात हिचं इंग्लिश चांगलंय. माझं शिक्षण मराठीतून बारावीपर्यंत, मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टला, म्हणजे घरात इंग्लिश शिकवणारं कोणी नाही. क्लासवाले म्हणतात रोज वीस शब्द पाठ करून घ्या. मला ते काही पटत नाहीये पण मग करायचं काय? कोणी घरी करून घेतलं असेल तर प्लीज सांगा.

नाशिकरोड_टीचर
ताई, नुसते शब्द पाठ करून हे सुटणार नाही, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. मी बरीच वर्षं मराठी मीडियमच्या मुलांना इंग्लिश शिकवते आणि जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये फाडफाड वाचणारी पण न समजणारी मुलं असतात. मोठ्याने वाचताना सगळं लक्ष उच्चारावर जातं, अर्थ बाजूलाच राहतो. तिला आधी मनातल्या मनात वाचू द्या.

आता पेपर बघा. कृतिपत्रिका 80 मार्कांची, त्यात धड्यावरचे दोन पॅसेज 20, कविता 10, अनसीन 10 आणि त्याच अनसीनवर समरी 5. म्हणजे 80 पैकी 45 मार्क वाचून समजण्यावर आहेत. आणि धड्यावरचा पॅसेजसुद्धा पेपरात छापूनच देतात हो, त्याची उत्तरं पाठ करून जायची काही गरजच नसते, तरी मुलं वर्षभर तेच करतात आणि जो पॅसेज खरंच नवीन असतो त्याची सवय परीक्षेपर्यंत होत नाही. मला याचं फार वाईट वाटतं कारण मेहनत कमी नसते ह्या मुलांची, ती चुकीच्या ठिकाणी जाते.

अडतं कुठे ते सांगते. बहुतेक वेळा अवघड शब्दावर नाही, तर ही, इट, दे, दिस अशा बारक्या शब्दांवर. समजा पॅसेजमध्ये आहे, 'द ट्रेडर ऑफर्ड द फार्मर अ लो प्राइस. ही रिफ्यूज्ड इट, दो ही नीडेड मनी.' प्रश्न, शेतकऱ्याने काय नाकारलं? अर्धा वर्ग लिहितो मनी, कारण तो शब्द जवळ दिसतो. ह्यात एकही शब्द अवघड नाही, पण 'इट' म्हणजे तो कमी भाव हे डोक्यात जोडलं गेलं नाही तर उत्तर चुकणारच. म्हणून पॅसेज वाचताना असा प्रत्येक शब्द आला की पेन्सिलने बाण काढून तो कोणाबद्दल आहे तिकडे न्यायला सांगा. सुरुवातीला कंटाळा करेल, करू द्या, थोड्या दिवसांनी बाण न काढता जमायला लागतं. तसंच दो, हाऊएव्हर, अनलेस, हार्डली हे शब्द दिसले की गोल करायचा, कारण तिथे वाक्य वळतं आणि ट्रू फॉल्सचे मार्क नेमके तिथेच जातात. प्रश्नातल्या वाक्यात ओन्ली, ऑल, नेव्हर असेल तर दोनदा वाचायचं.

आणि मुख्य म्हणजे रोज एकच छोटा पॅसेज. वाचून झाला की पुस्तक मिटून तिने तुम्हाला मराठीत सांगायचं काय होतं ते. भाषांतर नको, आपण घरी येऊन शाळेतली गोष्ट सांगतो तसं. जिथे ती अडखळेल तिथेच तिला कळलेलं नाहीये. ह्याला तुम्हाला इंग्लिश यायची अजिबात गरज नाही.

ओझरकर_०७
काकू मी पण मराठी मीडियमचाच, आता नाशिकला बीएस्सी करतोय. मॅडमचं सगळं पटलं फक्त एक अ‍ॅड करतो की आधी प्रश्न वाचायचे मग पॅसेज, त्याने काय शोधायचंय ते माहीत असतं आणि वेळ वाचतो. वेळेचं विचाराल तर पेपर ११ ते २.१० असतो, २०२३ पासून सुरुवातीची वाचायची १० मिनिटं बंद करून ती शेवटी दिलीत, त्यामुळे पेपर हातात आला की वाचणं पण त्याच वेळात धरायचं.

आणि प्रॅक्टिसला पॅसेज विकत घ्यायची गरज नाही. बालभारतीच्या साईटवर सगळी पुस्तकं पीडीएफ फ्री आहेत. इंग्लिश मीडियमच्या मुलांना इंग्लिशचं वेगळं पुस्तक असतं, आठवीला इंग्लिश बालभारती आणि नववी-दहावीला कुमारभारती, ते आपल्या मुलांनी कधी उघडलेलंच नसतं म्हणजे आपल्यासाठी तो आख्खा अनसीनच झाला ना! आधी आठवीचं घ्या मग नववीचं, डायरेक्ट दहावीचं नको घाबरून जाईल. आपला बोर्ड, आपल्याकडचेच विषय, धड्याखाली प्रश्नही तयार. गाईडमधल्या अनसीनमध्ये खाली लगेच उत्तरं छापलेली असतात, तिकडे डोळा जातोच जातो.

नाशिकरोड_टीचर
@ओझरकर इंग्लिश मीडियमच्या पुस्तकांची आयडिया एकदम छान, मी पण वापरते. आठवीपासून सुरू करायचं म्हणालास तेही महत्त्वाचं. पण प्रश्न आधी वाचण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. ज्याला वाचून समजतं त्याने खुशाल आधी प्रश्न वाचावेत. जी मुलं वाक्य उचलून उतरवतात त्यांना मी आत्ता ते करू देत नाही, कारण ती प्रश्नातला एक शब्द धरतात, पॅसेजमध्ये तो शब्द शोधतात आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून टाकतात, पॅसेज वाचतच नाहीत. ताईंच्या मुलीचं हेच चाललंय. प्रिलिमपर्यंत आधी पूर्ण पॅसेज मग प्रश्न, प्रिलिमनंतर घड्याळ लावून तुझी पद्धत.

सिडकोची_आई
दोघांना खूप खूप धन्यवाद. काल पासूनच आठवीचं पुस्तक डाउनलोड करून सुरू केलंय. मराठीत सांगायला तिला आवडलं, पण मधे तिने बरंच स्वतःच्या मनाचं घालून सांगितलं असं मला वाटलं. मला तर पॅसेज पूर्ण कळत नाही, मग तिचं उत्तर बरोबर आहे का चूक हे मी कसं ओळखू?

सातपूर_पप्पा
ताई मी आयटीआयवाला माणूस, मुलगा गेल्या वर्षी दहावी झाला, आम्ही घरात एकच नियम ठेवला होता, ओळ दाखव. उत्तर काहीही सांगू दे, आपण फक्त म्हणायचं कुठल्या ओळीवरून सांगतोस तिथे बोट ठेव. बोट ठेवता आलं तर बहुतेक बरोबर, नाही ठेवता आलं तर मनाचं घातलंय. ओळ दाखवली की त्या ओळीचं मराठीत सांग म्हणायचं, एवढी एक ओळ आपल्याला पण कळते, नाही कळली तर दोघांनी मिळून डिक्शनरीत बघायची. मोबाईलवर ट्रान्सलेट मारू देऊ नका, आख्खा पॅसेज मराठीत समोर आला की पोरगं इंग्लिशकडे बघत पण नाही. डिक्शनरी पण पॅसेज एकदा पूर्ण वाचून झाल्यावरच, आधी नाही. आमच्याकडे सुरुवातीला भांडणं व्हायची ह्यावरून, नंतर तोच बोट ठेवून सांगायला लागला.

वाचायला आवडायला लागली तर आपल्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा, १८४० सालची संस्था आहे, नाशिकमध्ये राहून पोरांना माहीत नसते. सोप्या इंग्लिश गोष्टींचं पुस्तक मागायचं, परीक्षेचं नाही.

नाशिकरोड_टीचर
सातपूर पप्पा, ओळ दाखव हे मी उद्यापासून वर्गात वापरणार!

ताई फक्त एक लक्षात ठेवा, शेवटचा पर्सनल रिस्पॉन्सचा प्रश्न, A5, त्याला ओळ दाखवता येणार नाही कारण तिथे तिचं स्वतःचं मतच हवं असतं, दोन मार्कांना दोन-तीन साधी वाक्यं. तिथे पॅसेजमधलं वाक्य उतरवलं तर उलट उत्तर होत नाही. मनाचं घालून सांगायची सवय आहे म्हणालात ना, ती सगळी तिथे वापरू दे तिला. आणि आठवड्यातून एकदा त्याच पॅसेजची समरी, साधारण एक तृतीयांश, स्वतःच्या शब्दात, वर टायटल. मराठीत तोंडी सांगून झालेल्या पॅसेजचीच घ्या म्हणजे काय लिहू हा प्रश्न राहत नाही. पहिल्या दोन-तीन समरी इथे टाकल्यात तर मी बघून देईन.