दहा लाखांत 3 म्हणे! विषय संपला म्हणे!

ओळंबा:
काल इथे एकाने लिहिलं, "फॅक्टर ऑफ सेफ्टी (भारापेक्षा ताकद दीडपट वगैरे जास्त धरायची ती पद्धत) म्हणजे अज्ञानाचं गोंडस नाव. मी बांधकामाच्या फ्रेमवर मॉन्टे कार्लो (भार-ताकदीचे आकडे दरवेळी नशिबाने निवडून तोच हिशेब) एक कोटी वेळा चालवलं. निकामी होण्याची शक्यता दहा लाखांत 3. विषय संपला." दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

एक कोटी फेऱ्यांत तुमची फ्रेम 30 वेळा पडली. तिसावर नुसती नमुन्याची चूकच 18 टक्क्यांच्या आसपास. तीही सोडा. ताकदीच्या चढउताराला नॉर्मल वितरण (घंटेच्या आकाराचं) लावलंत की लॉगनॉर्मल (एका बाजूला कललेलं)? वितरणाच्या शेपटाकडे, म्हणजे अगदी दुर्मिळ टोकाला, डेटा नावालाही नसतो, तिथे एवढ्याशा निवडीने उत्तर दहापट सरकू शकतं.

आणि 1981 सालचं कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी आठवा. हॉटेलातले पादचारी पूल कोसळून 114 माणसं गेली. तिथे ना स्टीलचा सिग्मा (आकड्यांतला चढउतार) नडला ना भाराचा. टांगणीचा सलग रॉड तोडून दोन केले आणि वरच्या तुळईच्या जोडावर दुप्पट भार आला. 'ड्रॉइंग बदललं' हा तुमच्या मॉडेलमधला कितवा व्हेरिएबल?

बीटा_तीन_आठ:
ती पोस्ट माझीच. ताकदीला लॉगनॉर्मल, वाऱ्याला गम्बेल (कमाल मूल्यांसाठीचं वितरण). विचारलं असतंत तर तिथेच सांगितलं असतं, धागा कशाला?

हयातच्या जोडाची मूळ रचनासुद्धा बांधकामाच्या कोडला (नियमावलीला) पुरी पडत नव्हती. मग तुमचा लाडका फॅक्टर तिथे कुठे कामी आला? घोडचुकीपुढे दोघंही सारखेच आंधळे. आणि काँक्रीटच्या ज्या एम25 ग्रेडवर तुम्ही डोळे झाकून विसंबता, त्यातला 25 हा ताकदीचा आकडाच मुळी संभाव्यतेतून आलेला आहे: शंभरात पाचांहून जास्त निकाल त्याखाली जाऊ नयेत. युरोकोडचा (युरोपच्या कोडचा) 50 वर्षांचा बीटा, हा सुरक्षिततेचा निर्देशांक, 3.8, म्हणजे निकामी होण्याची शक्यता लाखात साधारण 7. आकडेशास्त्र तुमच्या घरात कधीच शिरलंय, साहेब.

घमेलं:
पण सिग्मा येतो कुठून? क्यूबमधून, म्हणजे लॅबमध्ये दाबायच्या काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्यांतून! एका साइटवर मी पाहिलंय, क्यूबसाठी सिमेंट जास्त घातलेला माल वेगळा कालवायचे. स्लॅबच्या मालात मात्र पाइपने पाणी. क्यूब 28 दिवस टाकीत मजेत, स्लॅबवर पाणी मारलं तर मारलं. निकाल इतके एकसारखे की हसू यावं. असला सिग्मा घालून एक कोटी काय, शंभर कोटी फेऱ्या मारा.

लॅबवाली:
झालं, आले लॅबवर! साचा तुम्ही भरता, आम्ही नुसता दाबतो. निकाल संशयास्पद एकसारखे आले की मी लेखी कळवते. त्यावर साइटचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, रिपोर्ट तेवढा द्या ना." शंका असेल तर कोअर (बांधकामातूनच कापलेला नमुना) काढा.

घमेलं:
काढले की. कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के आली तरी पास! म्हणजे पंधरा टक्के आधीच माफ.

लॅबवाली:
माफ नाही हो! कोअर कापताना काँक्रीट दुखावतं, आणि जागेवरचं दाबणं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) साच्यासारखं नसतंच. कोड नुसता चाळू नका, वाचा.

घमेलं:
वीस वर्षं स्लॅब ओतलेत मी. वाचायला मला सांगू नका.

लॅबवाली:
ओतलेत ते दिसतंच आहे. पाइपसकट.

ओळंबा:
क्यूबवाल्यांनो, जरा आवरा! माझा प्रश्न राहिला बाजूला.

बीटा_तीन_आठ:
बरं, 'विषय संपला' मागे घेतो, घाला माझ्या गळ्यात हार. आकडा मानलेल्या गृहीतकांपुरताच खरा, दोन पर्याय ताडून बघायला उपयोगी. पण जुन्या पुलाचं काय करता? भारचाचणीत तो टिकला म्हणजे त्याहून कमी ताकदीची शक्यता जवळपास छाटली गेली. बेजच्या सूत्राने ही माहिती हिशेबात घेता येते. तुमचा फॅक्टर चाचणीआधीही 1.5, नंतरही 1.5.

ओळंबा:
जुन्या पुलापुरतं मान्य. नाइलाजाने. पण चाचणी आजची, गंज पुढच्या तीस वर्षांचा. तो घातलात?

बीटा_तीन_आठ:
घातलाय. कुठल्या वितरणाने ते मात्र सांगणार नाही, नाहीतर आणखी एक धागा काढाल.