करोनाच्या वर्षी, २०२० च्या गणपतीला, कोकणातले लोक एवढा धोका पत्करून गावी का गेले?

वर्धेकर: मी त्या वेळी ठाण्यात नोकरीला होतो. शेजारचं कुडाळचं कुटुंब ऑगस्टच्या सुरुवातीलाच एसटीने गावी गेलं. पगार अर्धा, गावात म्हातारी माणसं, वर तिथे गेल्यावर विलगीकरण. नावं ठेवत नाही, मनापासून विचारतोय: त्या वर्षी ठाण्यातच मूर्ती बसवली असती तर नसतं का चाललं?

मांडकुलीकर: ठाण्यात मूर्ती बसवता येते, पण आमच्या भावकीचा गणपती एकच, थोरल्या घरातला. त्याची पाळी चार घरांत फिरते आणि २०२० ला ती आमच्यावर होती. पाळी म्हणजे पूजा, खर्च, आल्यागेल्याचं जेवण, सगळं त्या घराने करायचं. काकांचा फोन आला, "पाट शाळेत दिलंय, तुमी येवा." शाळा म्हणजे गणेशशाळा, मूर्ती घडवतात ती जागा. तिथे आपला पाट पोचला की मूर्ती ठरली. मग मागे कसं हटायचं?

चतुर्थी २२ ऑगस्टला. १२ तारखेच्या आत निघालं तर चाचणी नको, एसटीला ई-पास नको, पण १० दिवस विलगीकरण. म्हणून सगळ्यांची घाई. काका-काकी सत्तरीपुढचे, त्यामुळे आम्ही मांगरात, म्हणजे घरापासून वेगळ्या गुरांच्या-गवताच्या खोपटात राहिलो. काकी पेजेचं भांडं गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवून मागे सरायची, मग आम्ही उचलायचो. रोज पाऊस, मांगरात गवताचा वास, मुलं कंटाळलेली. पण चुलतभावाने रानातून कांगण्या, कवंडळं, हरणं अशी रानफळं-फुलं आणली आणि गणपतीच्या वर टांगायची माटवी आम्ही बांधली. मूर्ती दोन फुटांच्या आतली. वाडीची भजनं फिरली नाहीत, आरती घरच्यांनीच म्हटली. भावकीत आपलं घर अजून उभं आहे हे पाळीतून दिसतं. माझ्या मते लोक गेले ते मुख्यतः यासाठी, नुसत्या भक्तीपोटी नाही. शिवाय कामच बंद होतं, हेही खरं.

वाडीतला: मी गावच्या कृती दलात होतो, बाहेरून आलेल्यांवर लक्ष ठेवायला. तुम्ही मांगरात राहिलात, बरं केलंत. सगळे तसे वागले नाहीत. काही जण दुसऱ्याच दिवशी बाजारात दिसले, आणि इथे श्वास लागलेल्या माणसाला ऑक्सिजनसाठी केवढं लांब न्यावं लागायचं! विलगीकरणासाठी गावच्या शाळेत राहा म्हटलं तर भांडणं झाली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डोंबिवलीची सून: आम्ही गेलो नाही. सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं. माझा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे सूप भरून ठेवायचं, तो राहिला, खूप रडले. पण लालबागच्या राजाचीही मूर्ती त्या वर्षी बसली नव्हती, मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. माणूस जपण्यासाठी थांबलं तर देव रागावत नाही, असं मला आजही वाटतं. सूप पुढच्या वर्षी भरलं.

वर्धेकर: पाळीचं मला माहीतच नव्हतं. समजा कुणाला जमलंच नाही, तर?

मांडकुलीकर: दुसरं घर करतं, अडत नाही. डोंबिवलीच्या ताईंसारखं कारण असेल तर कुणी शब्दही काढत नाही. आमच्याकडे तसं कारण नव्हतं.