मदत हवी आहे: भाट्याच्या वाळूत सापडलेला पारदर्शक प्राणी, अर्धा तुटला, जगेल का?

नमस्कार मंडळी, परवा अमावास्येच्या उधाणाला ओहोटीचं पाणी खूप लांब गेलेलं म्हणून आईसोबत मुळे (वाळूतले खायचे शिंपले) काढायला रत्नागिरीजवळच्या भाट्याला गेलो होतो. वाळू उकरताना वीतभर खाली एक लांबडा प्राणी हाताला लागला, पेन्सिलीएवढा जाड, शिजलेल्या साबुदाण्यासारखा आरपार दिसणारा, किंचित गुलाबी. आई म्हणाली गांडूळ असेल, पण गांडुळाच्या वळ्या अजिबात नव्हत्या, उलट डोक्यापासून शेपटीपर्यंत पाच पांढरट उभ्या रेघा आणि आतलं वाळूने भरलेलं आतडं स्पष्ट दिसत होतं. तोंडाभोवती दहा-बारा छोटे फाटेवाले हात.

बुळबुळीत असेल असं वाटलेलं, पण आघाडा कपड्याला चिकटतो तसा तो बोटालाच चिकटला. सोडवायला गेलो आणि मागचा चार बोटं भाग तुटून हातात आला. फार वाईट वाटलं, लगेच पुढचा भाग खड्ड्यातल्या पाण्यात ठेवला, तो हळूहळू अंग आवळत-सोडत वाळूत शिरला, दहा मिनिटांत दिसेनासा झाला.

घरी येऊन वाचलं तर हा समुद्रकाकडीच्या (सी-कुकुंबर, समुद्रतळाशी राहणारा काकडीसारखा लांबट प्राणी) बिनपायांच्या गटातला वाटतोय, ज्यांना नळीसारखे पाय नसतात, श्वास कातडीतूनच घेतात आणि कातडीत नांगराच्या आकाराचे चुन्याचे बारीक कण असतात, म्हणजे चिकटणं त्यामुळेच. मला त्यातल्या प्रोटँकायरा किंवा लेप्टोसिनॅप्टा या प्रकारांपैकी असावा असं वाटतंय पण खात्री नाही, आणि ते नांगर मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय सांगता येत नाही असं दिसतंय. नमुना आणायचा नाहीये, आपल्याकडे 2001 पासून सगळ्याच समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये (पहिल्या अनुसूचीत) आहेत, वाघाच्या बरोबरीने, हे आमच्या गावात कुणाला माहीतच नाही.

तर कोकण किनाऱ्यावर कुणी असा पाहिलाय का? तोंडाकडचा भाग शाबूत असेल तर मागचं परत वाढतं ना? आणि तो हातात न घेता फोटोवरून ओळखायचा तर नेमकं काय टिपायचं, हातांचे फाटे की अजून काही? माझ्याकडे मोबाईल आणि क्लिपवाली मॅक्रो लेन्स आहे. पौर्णिमेच्या उधाणाला परत जाणार आहे, त्याआधी सांगितलंत तर फार उपकार होतील 🙏