नाताळचा शास्त्राभ्यास: मत्तय दुसरा अध्याय आणि जुन्या करारातली भाकितं कशी समजवायची?

नवापूर_तरुणसंघ

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत नाताळआधी चार संध्याकाळी तरुण संघाचा शास्त्राभ्यास असतो. यंदाचा विषय आहे ख्रिस्तजन्माची भाकितं. पोरं नंदुरबार-धुळ्याच्या कॉलेजांत शिकतात, मोबाइलवर आक्षेप वाचून येतात आणि सरळ विचारतात. तीन प्रश्न हमखास येणार:

१. यशया ७:१४ (‘कन्या गर्भवती होईल, मुलाचं नाव इम्मानुएल ठेवील’; मत्तय १:२३ मध्ये घेतलेलं) हे यहूदाच्या आहाज राजाला दिलेलं चिन्ह आहे. सातशे वर्षांनंतरच्या जन्माचा आहाजाला काय उपयोग?

२. होशेय ११:१ (‘मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावले’) मध्ये भविष्य नाहीच, इस्राएलाने मिसर सोडल्याची आठवण आहे. मग मत्तय ‘पूर्ण झाले’ कसं म्हणतो?

३. मीखा ५:२ (बेथलेहेमातून राज्यकर्ता येईल) मत्तयात थोडं वेगळं का दिसतं?

‘विश्वास ठेवा’ एवढं सांगून भागणार नाही. नीट शिकवायचं आहे.

तापीकाठ

सलाम भाऊ. आधी एक गोष्ट पक्की करा: मत्तयाने दुसऱ्या अध्यायात जुन्या कराराचा आधार चार ठिकाणी घेतलाय आणि रीत सगळीकडे एकच नाही. सगळ्यांना एकाच अर्थाने ‘भाकीत’ म्हटलं की होशेयापाशी गाडी अडते आणि मग मुलांचा मीखावरचा विश्वासही डळमळतो.

मीखापासून सुरुवात करा, कारण तिथे पाया भक्कम आहे. मीखा हा यशयाचा समकालीन, मोरेशेथ गावचा. अश्शूरची फौज डोक्यावर असताना तो म्हणतो की पुढचा राज्यकर्ता यरुशलेमच्या राजवाड्यातून येणार नाही, ‘बेथलेहेम एफ्राथा’तून येईल. म्हणजे देव दावीदाच्या घराण्याला पुन्हा इशायाच्या (दावीदाच्या बापाच्या) अंगणापासून उभं करणार. ‘एफ्राथा’ का जोडलंय तेही सांगा: जबुलूनच्या वाट्यात आणखी एक बेथलेहेम होतं (यहोशवा १९:१५). दावीदाचं गाव यरुशलेमच्या दक्षिणेला, जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर.

हे वचन मशीहाबद्दल आहे, असं फक्त ख्रिस्ती लोक म्हणत नाहीत. तारगूमात (जुन्या कराराच्या अरामी भाषांतरात) या ठिकाणी ‘मशीहा’ असं स्पष्ट लिहिलंय, अकराव्या शतकातला यहूदी भाष्यकार राशीही तसाच अर्थ घेतो. योहान ७:४२ मध्ये येशूला न मानणारेच विचारतात की ख्रिस्त बेथलेहेमातून येणार ना?

आता फरक. मीखा बेथलेहेमाला लहान म्हणतो, मत्तय म्हणतो ‘तू मुळीच कनिष्ठ नाहीस’. शिवाय शेवटी लोकांचं पालन करण्याचं जे वाक्य आहे ते मीखातलं नाही, ते २ शमुवेल ५:२ मधून आलंय. हेब्रोनात दावीदाला राजा करताना म्हटलेलं. दोन वचनं जोडून अर्थासकट सांगणं ही त्या काळच्या शास्त्र्यांची सर्वमान्य पद्धत होती. आणि बघा, इथे बोलतायत मुख्य याजक आणि शास्त्रीच. म्हणूनच मत्तय इथे ‘पूर्ण झाले’ असं म्हणतही नाही.

मीखा शिकवताना नेहमी चूक होते ती एकच वचन कापून घेण्याची. ४:९ पासून ५:६ पर्यंत सलग वाचा. ५:५ मध्ये अश्शूर येतो, आणि कोणीतरी विचारणारच की येशूने अश्शूरशी लढाई कुठे केली? ख्रिस्ती वाचन असं की तिथे अश्शूर हा देवाच्या लोकांच्या सगळ्या शत्रूंचं नाव होऊन उभा आहे, आणि त्याच वचनातलं ‘तो आमची शांती’ हे इफिसकरांस २:१४ मध्ये येशूला लावलंय. यहूदी वाचक म्हणतात, मशीहा आला असेल तर जगात शांती कुठे आहे? आपलं उत्तर दुसऱ्या आगमनावर टेकलेलं आहे. खरा मतभेद इथे आहे, आणि तो मुलांपुढे आदराने मांडावा.

भुसावळ_वाचक

यशयाचं मी सांगतो. ७:१४ मधल्या इब्री शब्दाचा अर्थ ‘कन्या’ की ‘तरुणी’ यावर पुष्कळ खल झालाय, पण खरी अडचण १६ व्या वचनात आहे, आणि बहुतेक उपदेश १४ वरच थांबतात. बाळाला बरं-वाईट कळायच्या आत ज्या दोन राजांना आहाज घाबरतोय त्यांचा देश ओस पडेल, असं तिथे म्हटलंय. ते दोन राजे म्हणजे दिमिष्काचा रसीन आणि शोमरोनाचा पेकह. अश्शूरने दिमिष्क इ.स.पू. ७३२ मध्ये घेतलं, शोमरोन ७२२ च्या सुमारास पडलं. म्हणजे आहाजाच्या पिढीला दिसेल असं काहीतरी या चिन्हात होतंच.

ते बाळ कोण, यावर मतं अशी. एक, यशयाचाच मुलगा. ८:३-४ मधली मुदत जवळपास हीच आहे. दोन, आहाजाचा मुलगा हिज्कीया. हे मत जुनं आहे, पण हिशोब बसत नाही: आहाजाने १६ वर्षं राज्य केलं (२ राजे १६:२) आणि गादीवर बसला तेव्हा हिज्कीया २५ वर्षांचा होता (१८:२), म्हणजे आहाज राजा झाला तेव्हाच तो नऊ वर्षांचा! तीन, चिन्ह थेट येशूचंच. असं मानणारे १३ व्या वचनावर बोट ठेवतात: आहाज चिन्ह नाकारतो, त्यानंतर यशया एकट्या आहाजाशी बोलत नाही, ‘दावीदाच्या घराण्या’ला हाक मारतो. घराण्याला दिलेलं वचन पिढ्या ओलांडू शकतं.

बरेच ख्रिस्ती अभ्यासक दुहेरी पूर्णता मानतात: जवळची आहाजाच्या काळात, पूर्ण अर्थाची येशूमध्ये. शिरपूरकडून सातपुडा पाहिला की मागची-पुढची डोंगररांग एकच वाटते, मधलं खोरं जवळ गेल्यावर कळतं, तसं. मला हे पटतं, कारण यशया स्वतःच ‘इम्मानुएल’ नाव तिथे सोडून देत नाही. ८:८ मध्ये सगळा देशच इम्मानुएलचा म्हणतो, आणि ९:६-७ मध्ये दावीदाच्या गादीवरच्या बाळाची जी नावं येतात ती आहाजाच्या काळातल्या कुठल्याही मुलाला मापात बसत नाहीत.

मुलांना प्रसंग डोळ्यांसमोर उभा करून द्या. ७:३ प्रमाणे आहाज वरच्या तळ्याच्या नळापाशी, परटाच्या शेताच्या वाटेवर उभा आहे. वेढा पडला तर शहराला पाणी पुरेल का, ही त्याची काळजी असावी. यशया तिथे आपल्या मुलाचं बोट धरून जातो.

धुळे_अभ्यासगट

होशेय ११:१ बद्दल. मत्तयाला ते मूळ वचन माहीत नव्हतं असं समजू नका. पुढचंच वचन इस्राएल बआलापुढे यज्ञ करतं असं सांगतं, ते येशूला लागूच होत नाही. मत्तय प्रतिरूप दाखवतोय, म्हणजे जुन्या घटनेचा नमुना येशूमध्ये पुन्हा दिसतो असं. निर्गम ४:२२ मध्ये इस्राएल देवाचा ज्येष्ठ पुत्र आहे. आता मत्तयाचा क्रम पाहा: मिसर, मग बाप्तिस्म्याचं पाणी, मग रानात चाळीस दिवस. तिथे सैतानाला येशू तीन उत्तरं देतो ती अनुवाद ८:३, ६:१६ आणि ६:१३ मधली, म्हणजे इस्राएल जिथे घसरला त्याच धड्यांतली. एक पुत्र चुकला, दुसऱ्याने तोच रस्ता न चुकता काटला. ‘पूर्ण झाले’चा अर्थ इथे ‘भाकीत खरं ठरलं’ असा नाही, अपुरं राहिलेलं भरून निघालं असा आहे.

मत्तय २:१८ मधलं मुलांसाठी राहेलीचं रडणंही (यिर्मया ३१:१५) असंच. रामा येथे बाबेलला न्यायच्या कैद्यांना साखळ्यांत ठेवलं होतं (यिर्मया ४०:१), याकोबाची बायको राहेल एफ्राथाच्या वाटेवर पुरलेली. पण त्याच अध्यायात मुलं परत येण्याचं आश्वासन आहे आणि ३१:३१ ला नवा करार. हेरोदाने बेथलेहेमातल्या बाळांच्या केलेल्या कत्तलीबद्दल मत्तय ‘पूर्ण व्हावे म्हणून’ असं म्हणत नाही, ‘तेव्हा पूर्ण झाले’ एवढंच म्हणतो. ती कत्तल देवाने घडवून आणली असं वाचकाला वाटू नये, म्हणून हा फरक वर्गात जरूर दाखवा.

एक कळकळीची विनंती: ‘तीनशे भाकितं एकाच माणसात खरी ठरण्याची शक्यता इतक्या कोटींत एक’ हा हिशोब वापरू नका. त्या यादीत मीखासारखी वचनं आणि होशेयासारखी प्रतिरूपं एकत्र मोजलेली असतात. गणित शिकणारा मुलगा पाच मिनिटांत तो मोडतो, आणि मग त्याला सगळंच खोटं वाटू लागतं.

नवापूर_तरुणसंघ

फार मोलाचं दिलंत. दोन शंका राहिल्या. ‘नासोरी म्हणतील’ (मत्तय २:२३) हे वचन जुन्या करारात सापडतच नाही. आणि ख्रिस्ती लोकांनी यशयाचा मजकूर मागाहून बदलला, असं एकजण ठासून सांगतो.

तापीकाठ

सापडणार नाही, कारण मत्तय तिथे एका संदेष्ट्याचं नाव घेत नाही, ‘संदेष्ट्यांच्या द्वारे’ असं अनेकवचन वापरतो. एक मत असं की रोख यशया ११:१ मधल्या इशायाच्या फांदीकडे आहे, कारण फांदीसाठीचा इब्री शब्द ‘नेसेर’ नासरेथशी मिळताजुळता आहे. दुसरं असं की मशीहा तुच्छ मानला जाईल हा संदेष्ट्यांचा एकूण सूर आहे. नासरेथबद्दल लोक काय म्हणत ते योहान १:४६ मध्ये दिसतंच. दोन्ही सांगा, एकच बरोबर असा आग्रह धरू नका.

मजकुराचं उत्तर सोपं आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या पहिल्या गुहेत १९४७ साली मिळालेली यशयाची गुंडाळी येशूच्या जन्माच्या सुमारे शंभर वर्षं आधीची आहे. सात मीटरांहून लांब, चामड्याची, सगळे ६६ अध्याय. त्यात ७:१४ ही आहे, ९:६ ही आहे. अर्थावर वाद होऊ शकतो, पण वचनं ख्रिस्ती लोकांनी घुसवली असं म्हणता येत नाही.

चार संध्याकाळींची वाटणी अशी करा: पहिली मीखा, दुसरी यशया ७ ते ९, तिसरी होशेय आणि यिर्मया, चौथी फक्त प्रश्नांना. दर वेळी आधी जुन्या करारातला पूर्ण उतारा मोठ्याने वाचायचा, मत्तय नंतर उघडायचा. उलट केलंत की मुलं मूळ उताऱ्यात फक्त येशूचं नाव शोधत बसतात, आहाज त्यांना दिसतच नाही. फळ्यावर तीन रकाने: तेव्हाच्या लोकांनी काय ऐकलं, यहूदी वाचकांनी पुढे काय अर्थ घेतला, मत्तय काय करतो. घरात मावची बोलणाऱ्या मुलांना तिसरा रकाना त्यांच्याच भाषेत सांगायला लावा.

भुसावळ_वाचक

एक भर. कोणी यहूदी आवृत्ती मोबाइलवर उघडली तर मीखा ५:२ तिथे ५:१ आहे आणि यशया ९:६ तिथे ९:५. आकडे आधीच फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ वचन शोधण्यात जातो. आणि गोठ्याच्या देखाव्यात आपण बैल नि गाढव ठेवतो ना, ते मत्तयात नाहीत, लूकमध्येही नाहीत. यशया १:३ मध्ये बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या गव्हाणीला ओळखतं, पण इस्राएल ओळखत नाही, असं म्हटलंय. तिथून ते देखाव्यात आले. चौथ्या संध्याकाळी देखावा मांडतानाच हे वचन वाचून घ्या.