मदत हवी आहे: जुन्या फॉन्टमधलं पुस्तक युनिकोडमध्ये कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. मी देवगडचा. आमच्या काकांचा मालवणी कथांचा संग्रह 2004 साली छापला होता, त्याच्या प्रती कधीच संपल्या. आता ई-बुक काढायचं म्हणतोय, कारण मुंबईतले चाकरमानी मोबाईलवरच वाचतात. पेजमेकरची (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) फाईल सुदैवाने सापडली, पण मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहे. युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नाही, त्यामुळे कॉपी केला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

नेटवरचा एक फुकट कन्व्हर्टर लावून पाहिला. बरंचसं आलं, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर आणि ‘खाऱ्या वाऱ्या’चं झालं ‘खार्या वार्या’. मालवणी असल्याने शुद्धलेखन तपासनीसही निम्म्या शब्दांखाली लाल रेघा ओढतो, म्हणजे चुका हातानेच शोधायच्या!

पानं स्कॅन करून पीडीएफ करणं सोपं आहे, ठाऊक आहे. पण छोट्या स्क्रीनवर अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर जाते, म्हाताऱ्या डोळ्यांना ते जमत नाही. ईपबच हवं, म्हणजे अक्षर मोठं केलं तरी ओळी स्क्रीनमध्येच बसवून घेणारं ई-बुक.

कुणी हे काम केलंय का? कन्व्हर्टर कोणता वापरलात? की सरळ पुन्हा टाईप करून घेणं परवडतं? रत्नागिरी-सिंधुदुर्गात मालवणी कळणारा टायपिस्ट असेल तर सांगा, पैसे रीतसर देऊ. आणि ई-बुकला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळा घ्यावा लागतो ना?