८.८ चे बोल्ट घेऊनही बोल्टची संख्या कमी का होत नाही? (ब्रेसिंगचा जोड, १० मिमी गसेट)

शेड_डिझाइन:
नमस्कार मंडळी. औद्योगिक शेडच्या उभ्या ब्रेसिंगच्या जोडावर अडलोय. माहिती अशी:

आयएसए ७५×७५×८ चे दोन अँगल पाठीला पाठ लावून, मध्ये १० मिमी गसेट (जोडाचा पत्रा). सगळं स्टील ई२५० (यील्ड २५० न्यूटन/मिमी²). वाऱ्याच्या कॉम्बिनेशनमध्ये फॅक्टर्ड (सुरक्षेच्या गुणकाने वाढवलेला) ताण ३०० कि.न्यू. बोल्ट एम२०, भोक २२ मिमी, पिच (बोल्ट ते बोल्ट अंतर) ६०, टोकाचं अंतर ४०.

आयएस ८००:२००७ (स्टील डिझाइनचा कोड) प्रमाणे ४.६ ग्रेडचा एक बोल्ट डबल शिअरमध्ये (दोन ठिकाणी कातरला जाताना) ९०.५ कि.न्यू. घेतो, म्हणून चार बोल्ट दिले. फॅब्रिकेटरचं म्हणणं, ८.८ घ्या आणि दोनच ठेवा, गसेटही लहान होईल. हिशेबाने ८.८ चा एक बोल्ट १८१, दोनाचे ३६२, म्हणजे ३०० ला पुरायला हवेत. पण सॉफ्टवेअर दोनाला फेल दाखवतं आणि तीनालाही. चूक कुठे आहे? आणि इथे एचएसएफजी (खूप आवळून पत्र्यांमधल्या घर्षणाने बल नेणारे) बोल्ट लागतील का?

आटे_नट_वायसर:
सॉफ्टवेअर बरोबर आहे. तुम्ही फक्त बोल्टचा शिअर पाहिला, बोल्ट ज्या पत्र्यावर टेकतो तो पत्रा पाहिला नाही. बोल्ट दुप्पट ताकदीचा केला तरी गसेट तोच ई२५० चा, १० मिमीचा राहिला.

बेअरिंगचं (बोल्टच्या टेकण्याने पत्रा चिरडण्याचं) सूत्र २.५ × केबी × डी × टी × एफयू, आणि त्याला १.२५ ने भागायचं. डी बोल्टचा व्यास, टी पत्र्याची जाडी, एफयू तुटायची ताकद. केबी म्हणजे या चारांतलं सगळ्यात लहान:

टोकाचं अंतर ÷ (३ × भोक) = ४० ÷ ६६ = ०.६०६
पिच ÷ (३ × भोक) − ०.२५ = ६० ÷ ६६ − ०.२५ = ०.६५९
बोल्टचा एफयू ÷ पत्र्याचा एफयू = ४.६ साठी ४०० ÷ ४१० = ०.९७६
आणि १.०

म्हणजे केबी ०.६०६. बेअरिंग = २.५ × ०.६०६ × २० × १० × ४१० ÷ १.२५ = ९९.४ कि.न्यू. दोन अँगल मिळून जाडी १६ मिमी होते, त्यामुळे गसेटच आधी हरतो.

४.६ ला शिअर ९०.५ आणि बेअरिंग ९९.४, म्हणून ९०.५ धरायचं. ८.८ ला शिअर १८१ झाला, बेअरिंग मात्र ९९.४ लाच अडकलं. तीन बोल्ट म्हणजे २९८. दोन कि.न्यू. साठी फेल. पातळ पत्र्यावर ग्रेड वाढवून बोल्ट वाचत नाहीत, ते याच कारणाने.

उपाय पत्र्याच्या बाजूने शोधा. टोकाचं अंतर ४० चं ५० करा. मग ५० ÷ ६६ = ०.७५८ येतं आणि पिचचं ०.६५९ ठरवतं. बेअरिंग १०८.१, तीन बोल्ट ३२४. बसलं. खरं तर ४३.५ मिमीलाच पिचची अट पुढे येते, म्हणजे ५० च्या ड्रॉइंगवर कटिंगमध्ये ५-६ मिमी कमी पडले तरी जोड शाबूत राहतो. ही सूट कारखान्यात कामाला येते. नाहीतर गसेट १२ मिमीचा करा: टोकाचं अंतर ४० ठेवूनही बेअरिंग ११९.३ येतं.

शिअरचं एक सांगतो. तुम्ही आट्यांचं क्षेत्रफळ २४५ धरलंय, ते बरोबर. पुष्कळजण दांड्याचं ३१४ धरून ४.६ चा आकडा ११६ वर नेतात. २६ मिमीच्या पकडीला लागणारा ६० लांबीचा एम२० बाजारात बहुतेक पूर्ण आट्याचाच मिळतो. दोन्ही शिअर प्लेन आट्यांतून जातात असं धरूनच चला.

गसेट_कटर:
वरचं सगळं मान्य. पण दोन बोल्टचा विचार सोडायला आणखी एक कारण आहे, आणि ते बेअरिंगपेक्षा मोठं आहे.

बोल्टमधून गसेटमध्ये उतरलेलं बल पूर्ण रुंदीवर एकदम पसरत नाही. पहिल्या बोल्टपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या रेषा काढा. शेवटच्या बोल्टच्या ओळीवर त्या जेवढी रुंदी कापतात, तेवढाच गसेट कामाला येतो (व्हिटमोरची रुंदी).

दोन बोल्ट, अंतर ६०: रुंदी २ × ६० × ०.५७७ = ६९ मिमी. यील्डची (पत्रा कायमचा ताणला जाण्याआधीची) क्षमता ६९.३ × १० × २५० ÷ १.१ = १५७ कि.न्यू. ३०० च्या निम्मीच.
तीन बोल्ट, अंतर १२०: रुंदी १३८.६ मिमी, क्षमता ३१५ कि.न्यू. बसतं, पण जेमतेम.

म्हणजे दोन बोल्ट कितीही ताकदीचे घेतले तरी १० मिमीचा गसेट बोल्टच्या मागे ताणला जाईल. गसेट ‘लहान’ करताना कोपरे छाटून ही १३८ मिमीची रुंदीच कापली जाते, तिकडे लक्ष ठेवा. ड्रॉइंगवर ३० अंशांच्या रेषा काढून बघा, त्या गसेटच्या कडेबाहेर जात असतील तर रुंदी कडेपर्यंतचीच धरायची.

अँगलचा ब्लॉक शिअर (बोल्टच्या ओळीभोवतीचा तुकडाच फाटून निघणं) मी तपासला: गेज (अँगलच्या पाठीपासून बोल्टच्या ओळीचं अंतर) ४०, म्हणजे कडेला ३५ मिमी राहतात, टोक ५०, पिच ६०, तीन बोल्ट. दोन अँगल मिळून ४४१ कि.न्यू. येतो, काळजी नाही. कडेचे ३५ हे १.५ × २२ = ३३ च्या वर आहेत आणि कड रोल केलेली आहे, म्हणून चालतं. पण अँगलचं टोक हाताने गॅसने कापणार असाल तर तिथे किमान १.७ × २२ = ३७.४ लागतं. तुमचं ५० आहे, निभावतं.

वाऱ्याची दिशा उलटली की हाच मेंबर दाबात जातो. गसेटचा बकलिंग (दाबाखाली वाकण्याचा) चेक विसरू नका.

शेड_डिझाइन:
खूप आभार, आता उलगडलं. एचएसएफजीचं तेवढं राहिलं. आणि साईटवर भोकं जुळली नाहीत तर फॅब्रिकेटर म्हणतो भोक वाढवू आणि वर वेल्ड मारू. चालेल का?

पाना_५४९:
आधी भोक आणि वेल्ड, कारण इथेच जास्त जोड बिघडतात.

एम२० ला २२ चं भोक हे ठरलेलं क्लिअरन्स. ते २४ केलं की ते ‘ओव्हरसाइज’ झालं, आणि बेअरिंग ०.७ ने गुणायचं: १०८ चे ७६. तीन बोल्ट २२७, ३०० ला नापास. गॅसने वाढवलेलं भोक तर गोलही राहत नाही, बोल्ट एका टोकावर टेकतो. दोन-तीन मिमी सरकलेल्या भोकासाठी ड्रिफ्ट (निमुळती पिन) घालून ओढा, जमलं नाही तर रीमर (भोक गोल वाढवणारं हत्यार) फिरवून पुढचा मोठा बोल्ट घाला. एम२४ साठी भोक २६ लागतं. टोकाच्या आणि कडेच्या अंतराचा हिशेब मात्र पुन्हा करायचा: गेज ४० वर कडेला ३५ आहेत आणि २६ च्या भोकाला किमान ३९ हवेत. म्हणून या अँगलवर एम२४ बसतच नाही. मग गसेट नवा करणं हाच सरळ रस्ता.

वेल्ड: साधा बोल्ट बल घ्यायला लागण्याआधी भोकातल्या फटीएवढा सरकतो. वेल्ड सरकत नाही. दोन्ही एकत्र लावले की सगळं बल आधी वेल्डवर जातं, तो फाटला की मग बोल्टवर. म्हणून वेल्ड मारायचाच असेल तर तो पूर्ण ३०० साठी डिझाइन करा आणि बोल्ट फक्त जागेवर धरायला आहेत असं समजा.

आता एचएसएफजी. एम२० ८.८ चं ताणबल ०.७ × ८०० × २४५ = १३७.२ कि.न्यू. (एम१६ च्या वरच्या ८.८ ला कोड ८३० देतो, ८०० धरणं सुरक्षित बाजूचं.) घर्षणाचे दोन पृष्ठभाग, साधी भोकं, अंतिम भारावर भागाकार १.२५:

शॉट ब्लास्ट केलेलं, सैल गंज काढलेला, गुणांक ०.५०: एका बोल्टला १०९.८, तीन बोल्ट ३२९.
स्वच्छ मिल स्केल, ०.३३: ७२.४, पाच बोल्ट लागतात.
रेड लेड लावलेलं, ०.१०: २२, चौदा बोल्ट!

तेच बोल्ट, तोच ताण, फक्त रंगाने तीनाचे चौदा होतात. म्हणून ड्रॉइंगवर ठळक लिहा: सांध्याच्या पृष्ठभागावर प्राइमर नको, बोल्टच्या ओळीभोवती मास्किंग करून बाकी रंगवा. ही नोंद नसेल तर पेंटर सगळंच रंगवतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

घट्ट करणं. नुसत्या टॉर्कवर विसंबू नका. कोरड्या आट्यांना टॉर्क साधारण ०.२ × व्यास × बल, म्हणजे ०.२ × ०.०२ × १३७२०० = ५४९ न्यूटन-मीटर. त्याच नटला कोणी तेल लावलं आणि गुणांक ०.१२ वर आला, तर त्याच ५४९ ला बोल्टमध्ये २२९ कि.न्यू. ताण बसेल. त्या बोल्टची तुटायची ताकद २४५ × ८०० = १९६. पाना क्लिक होण्याआधीच आटे ताणले जातील किंवा बोल्ट तुटेल. उलट गंजलेल्या आट्यांना ५४९ लावूनही ताण अर्धाच येतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे आधी सगळे बोल्ट साध्या पान्याने पत्रे एकमेकांना भिडेपर्यंत आवळा, नट आणि बोल्टच्या टोकावर मार्करची एक सरळ रेघ मारा, मग आयएस ४००० (अशा बोल्टच्या जोडांचा कोड) च्या तक्त्याप्रमाणे नट ठरलेला भाग फिरवा. रेघ किती सरकली ते बघूनच तपासणी होते. सुरुवात जोडाच्या मधल्या बोल्टपासून करा आणि शेवटी पहिल्याकडे परत या, कारण शेजारचा आवळला की आधीचा सैल पडतो.

सेक्शन_बारा:
मंडळी, मुख्य प्रश्न मागेच राहिलाय. हे उभं ब्रेसिंग शेडच्या लांबीच्या दिशेने भूकंपही घेतं ना? मग ताण वाऱ्याने ठरला असला तरी ती फ्रेम भूकंपरोधक फ्रेम झाली. आयएस ८०० च्या १२.४ कलमात स्पष्ट आहे: अशा फ्रेममधले बोल्ट पूर्ण ताणलेले एचएसएफजी किंवा टर्न्ड अँड फिटेड (भोकात फट न ठेवता बसणारे) असावेत. त्यामुळे ४.६ चे चार की ८.८ चे दोन, हा वाद तिथेच संपतो. साधा क्लिअरन्स भोकातला बोल्ट उलटसुलट भाराखाली दरवेळी फटीत मागेपुढे आपटतो, भोक मोठं होत जातं, नट सुटत जातो.

दुसरं, ३०० हा जोडाचा आकडा नाही. साध्या ब्रेस्ड फ्रेमच्या ब्रेसिंगचा जोड या तिन्हीतल्या सगळ्यात कमी बलाला डिझाइन करायचा: १.२ × एफवाय (यील्ड ताकद) × क्षेत्रफळ, १२.२.३ मधल्या वाढीव कॉम्बिनेशनमधलं बल (१.२ डीएल + ०.५ एलएल ± २.५ ईएल, आणि ०.९ डीएल ± २.५ ईएल; डीएल स्वतःचा भार, एलएल वापराचा, ईएल भूकंपाचा), किंवा ती फ्रेम ब्रेसिंगमध्ये जास्तीत जास्त जेवढं पोचवू शकते तेवढं. तुमच्या अँगलचं पहिलं बल १.२ × २५० × २२७६ = ६८३ कि.न्यू. येतं. त्यामुळे २.५ ईएल वाली कॉम्बिनेशन्स चालवून त्या मेंबरचा आकडा काढाच.

हेही पाहा: मेंबर गरजेपेक्षा मोठा निवडला की हा पहिला आकडा वाढतो. स्लेंडरनेससाठी (मेंबर फार सडपातळ नको म्हणून) अँगल वाढवताना जोडाचा खर्चही वाढतो.

शेड_डिझाइन:
कॉम्बिनेशन्स चालवली. ०.९ डीएल ± २.५ ईएल मध्ये ३४० कि.न्यू. येतंय. म्हणजे तीन बोल्टचे ३२४ पुरत नाहीत. आता असं करतोय: एम२० ८.८ एचएसएफजी चार, पिच ६०, टोक ५०, ब्लास्ट केलेले पृष्ठभाग. बेअरिंग ४३२, स्लिप (घर्षणाची क्षमता) ४३९. गसेटची ३० अंशांची रुंदी २०८ मिमी, क्षमता ४७२. गसेटची रुंदी २२० ठेवली. काही राहिलं का?

आटे_नट_वायसर:
आकडे जुळतात. गसेटची मोकळी लांबी कमीत कमी ठेवून दाबातला चेक २.५ ईएल वरच करा, ३०० वर नाही.

बोल्टची लांबी ड्रॉइंगवर तुम्हीच लिहा, दुकानदारावर सोडू नका. पकड ८ + १० + ८ = २६, दोन वायसरचे साधारण ८, नट २० च्या आसपास, वर दोन आटे म्हणजे ५. बेरीज ५९ च्या पुढे-मागे. ६० अगदी काठावर आहे, ६५ घ्या. पण एचएसएफजीचे आटे आखूड असतात, म्हणून खरा बोल्ट हातात घेऊन नट आट्यांच्या शेवटाला अडत नाही ना, ते तीन पत्र्यांच्या तुकड्यांवर आवळून बघा. नट शेवटाला अडला की पाना घट्ट लागतो, पण पत्रे सैलच राहतात.

शिवाय एका व्यासाला साईटवर एकच ग्रेड ठेवा. पर्लिनला ४.६ वापरायचे असतील तर ते एम१६ किंवा एम१२ ठेवा आणि एम२० सगळे ८.८ एचएसएफजी. मग चुकीचा बोल्ट भोकात बसणारच नाही. डोक्यावर ८.८ आणि कंपनीची खूण नसलेला एम२० दिसला तर तो परत पाठवा.

गसेट_कटर:
दोन अँगलमध्ये मधे-मधे १० मिमीचे पॅकिंगचे तुकडे आणि टॅक बोल्ट द्यायला विसरू नका. ताणात दोन बोल्टमधलं अंतर १००० मिमीच्या आत, आणि तुमचा मेंबर दाबातही जातो, म्हणून तिथे ६०० च्या आतच ठेवा. नाहीतर प्रत्येक अँगल सुटा-सुटा वाकतो आणि जोड कितीही चांगला असला तरी मेंबर आधी जातो.